आरंभीचे जर्मॅनिक आणि स्लाव लोक : आपल्याला त्यांच्याबद्दल इतकं कमी का माहीत आहे?

केतकीवन | शनिवार, रात्री ९:५०

गेल्या उन्हाळ्यात डेन्मार्कमधल्या सिल्केबोर्गच्या संग्रहालयात गेले होते. तिथे काचेच्या पेटीत एक माणूस कुशीवर झोपलाय. पाय पोटाशी घेतलेले, डोळे मिटलेले. डोक्यावर कातड्याची टोपी, हनुवटीखाली वादीने बांधलेली. धड आता प्रतिकृती आहे, पण डोकं खरं आहे. वाकून पाहिलं की हनुवटीवरचे दाढीचे खुंट दिसतात, कपाळावरच्या आठ्या मोजता येतात. गळ्याभोवती कातड्याच्या वेणीचा फास.

१९५० च्या मे महिन्यात दलदलीतली जळाऊ माती (तिकडे तिला पीट म्हणतात) कापताना गावकऱ्यांना हा दिसला. चेहरा इतका ताजा की नुकताच कुणाचा तरी खून झालाय असं वाटून त्यांनी पोलिसांना कळवलं. मारलं होतं हे खरं, पण सुमारे २४०० वर्षांपूर्वी. जग त्याला टोलुंड मॅन म्हणून ओळखतं. मरण्याआधी अर्धा-एक दिवस त्याने सातूची पेज खाल्ली होती. तीत जवस होते, तणाच्या बिया होत्या, बरोबर मासे होते. हे सगळं आपल्याला त्याच्या आतड्यांतून कळलं.

आणि त्याचं नाव? माहीत नाही. त्याची माणसं स्वतःला काय म्हणत? माहीत नाही. फास देणारे त्याला शिक्षा देत होते की देवाला अर्पण करत होते? बळी असावा असा अभ्यासकांचा कल आहे, पण कुठल्या देवाला ते कुणालाच सांगता येत नाही. त्या भागात तेव्हा जर्मॅनिक भाषांचं (जर्मन, इंग्रजी, डॅनिश यांच्या कुळाचं) आदिरूप बोललं जात असावं, इतकंच भाषाशास्त्र सांगतं. मी त्या पेटीपाशी बराच वेळ उभी होते. माणूस पापण्यांसकट समोर आहे आणि त्याच्या तोंडचा एक शब्द आपल्याकडे नाही, हे मला फार लागलं. परत आल्यापासून याच विषयावर वाचतेय. जे कळलं ते इथे मांडते, जाणकारांनी भर घालावी.

पहिली अडचण उघड आहे. त्यांनी स्वतः लिहिलं नाही, आणि ज्यांनी लिहिलं ते त्यांच्याशी लढत होते. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ५५ आणि ५३ मध्ये ऱ्हाईन ओलांडली आणि पलीकडच्या लोकांबद्दल काही पानं लिहिली. त्याच प्रकरणात तो सांगतो की तिकडच्या अरण्यात गुडघे नसलेला एक प्राणी आहे. त्याला बसता येत नाही म्हणून तो झाडाला टेकून झोपतो, आणि शिकारी ती झाडं आधीच अर्धी कापून ठेवतात. आता याच माणसाने तिथल्या देवधर्माविषयी दिलेली माहिती किती धरायची? तो म्हणतो, हे लोक फक्त सूर्य, चंद्र आणि अग्नी पुजतात. दीडशे वर्षांनी रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की ते मर्क्युरी, हर्क्युलिस आणि मार्स यांना पुजतात. दोघांचं जुळत नाही, आणि देवांची नावं तर दोघांनीही रोमन घातलीत.

टॅसिटसचं 'जर्मानिया' (इ.स. ९८) हा आपला सगळ्यात मोठा आधार. पण त्याला रोमन वाचकांना त्यांच्या चैनबाजीची लाज वाटायला लावायची होती, म्हणून पलीकडचे लोक साधे, एकपत्नी, शूर असे रंगवलेत. तरी त्यातलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं: जुनी गाणी हीच त्यांची स्मृती आणि हाच त्यांचा इतिहास. त्या गाण्यांत मातीतून जन्मलेला तुइस्टो नावाचा देव आणि त्याचा मुलगा मन्नुस, सगळ्यांचा मूळपुरुष. मन्नुस म्हणजे आपला मनू. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत.

हे पुस्तक तरी कसं वाचलं! मध्ययुगात जर्मनीतल्या हेर्सफेल्ड मठात त्याची एक प्रत उरली होती. पंधराव्या शतकात ती इटलीत पोचली, आणि आज जगात 'जर्मानिया'च्या जितक्या प्रती आहेत त्या सगळ्या त्या एकीच्याच लेकी-नाती. त्या मठाला आग लागली असती तर टॅसिटसने हे लिहिलं होतं हेही आपल्याला धड कळलं नसतं. प्लिनीचं तसंच झालं. हा थोरला प्लिनी स्वतः जर्मनीच्या सीमेवर घोडदळात होता. त्याने जर्मॅनिक युद्धांवर २० खंड लिहिले. एकही शिल्लक नाही.

शेवटचं एक आणि थांबते. इ.स. ९ मध्ये ट्युटोबर्गच्या अरण्यात रोमच्या तीन लीजन (सैन्याच्या मोठ्या पलटणी) कापून काढणारा आर्मिनियस. तो लहानपणापासून रोमनांत वावरलेला, त्यांचा नागरिक, त्यांच्या सैन्यात अधिकारी. आर्मिनियस हे त्याचं लॅटिन नाव. घरी त्याला काय हाक मारत, ते कुठेही नोंदलेलं नाही. टॅसिटस सांगतो की मरून शंभर वर्षं होत आली तरी त्याची जमात त्याची गाणी गाते. त्या गाण्यांची एक ओळ आज कुणाकडे नाही.

---

रानजाई | शनिवार, रात्री १०:३५

वाचनखूण साठवली आहे. टोलुंड मॅनचे फोटो पाहिले होते, पेजेचं माहीत नव्हतं.

एक शंका. लिहिलं नाही म्हणून हरवलं, हे पुरेसं वाटत नाही. ऋग्वेदही कित्येक शतकं लिहिलेला नव्हता. तो स्वरांसकट राहिला. मग यांचीच गाणी का गेली?

---

केतकीवन | शनिवार, रात्री ११:१०

रानजाई, याच प्रश्नाने मला सगळ्यात जास्त छळलं. मला सापडलेलं उत्तर असं.

आपल्याकडे पाठ करणं हेच एका वर्गाचं आयुष्यभराचं काम होतं. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ. तोच मंत्र उलटसुलट विणून म्हणायचा, म्हणजे एक अक्षर हललं तरी लगेच कळतं. आणि ते काम राजा बदलला म्हणून थांबत नव्हतं. जर्मॅनिक गाणी सरदाराच्या बैठकीत, मद्याच्या शिंगांबरोबर गायली जात. गाणाऱ्याने ती दर वेळी नव्याने जुळवायची. सरदार पडला, घराणं बुडालं, की त्याच्या पूर्वजांची गाणी ऐकणारं कुणी उरत नसे. त्यात लोक सतत हलत होते. काळ्या समुद्राकाठचे गॉथ (त्यांच्यातलाच एक समूह) दोनशे वर्षांत इटली आणि स्पेनमध्ये पोचले, आणि तिथे काही पिढ्यांत लॅटिन बोलू लागले.

मग धर्म बदलला. इ.स. ७२३ च्या सुमारास ख्रिस्ती धर्मप्रचारक बोनिफेसने हेसमधला डोनार देवाचा ओक तोडला. ७७२ मध्ये फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने सॅक्सनांचा इर्मिन्सुल हा पवित्र स्तंभ पाडला. पण याच शार्लमेनने जुन्या राजांच्या पराक्रमाची रानटी आणि अतिप्राचीन गाणी लिहून घ्यायला लावली होती! त्याचा चरित्रकार आइनहार्ड तसं स्पष्ट सांगतो. म्हणजे एका क्षणी सगळं कागदावर, खरं तर चर्मपत्रावर, आलं होतं. तो संग्रह नाहीसा झाला. बादशहाच्या हुकमाने लिहिलेलं पुस्तक राहिलं नाही.

राहिलं काय, तर फुल्डाच्या मठातल्या एका धार्मिक पोथीची पहिली आणि शेवटची कोरी पानं. त्यांवर ८३० च्या दशकात दोन लेखनिकांनी हिल्डेब्रांडचं गाणं उतरवलं. तीस वर्षांनी परतलेला बाप आणि त्याला न ओळखणारा मुलगा दोन सैन्यांच्या मधोमध समोरासमोर येतात. बाप ओळख सांगतो, हातातली सोन्याची कडी काढून देऊ करतो. मुलाचा विश्वास बसत नाही, माझा बाप मेला असं तो म्हणतो. भाले फेकले जातात, ढाली फुटतात, आणि ६८ व्या ओळीला पान संपतं. पुढचं लिहिलेलंच नाही. ही दोन पानंसुद्धा दुसऱ्या महायुद्धानंतर चोरीला गेली. दोन्ही पुन्हा एकत्र यायला १९७२ साल उजाडलं.

---

वाटसरू_७ | रविवार, सकाळी ७:२०

लेख छान आहे पण मला वेगळं वाटतं. ज्यांच्याकडे शहरं नाहीत, नाणी नाहीत, लिपी नाही, त्यांच्याबद्दल माहिती करून घेण्यासारखं होतं तरी काय? जंगलातल्या टोळ्या. त्याच काळात आपल्या नाणेघाटात सातवाहनांची नागनिका राणी केलेले यज्ञ, दान दिलेल्या गाई-घोडे, नाणी सगळं आकड्यांसकट दगडात कोरून ठेवत होती. इतिहास त्यांचाच राहतो ज्यांना तो ठेवायची गरज वाटते.

---

खापरवेडा | रविवार, सकाळी ९:०५

वाटसरू, नाणेघाटाचा मलाही अभिमान आहे, दर पावसाळ्यात जातो. पण विचार करा, सह्याद्री बेसाल्टचा नसता आणि नागनिकेने तोच मजकूर सागवानी फळीवर लिहिला असता तर? आज तुम्ही-मी तिचं नाव घेतलं नसतं. उत्तर युरोपाच्या मैदानात बांधकामाला लाकूड, कूड, माती आणि गवत. सगळं कुजणारं. मातीत खांबांच्या काळ्या खुणा तेवढ्या उरतात.

जिथे ओलीमुळे लाकूड टिकलं तिथे काय दिसतं ते सांगतो. जर्मनीच्या उत्तर समुद्रकाठी फेडरसन विर्डं नावाची जागा आहे. १९५५ ते १९६३ तिथे उत्खनन झालं. इ.स.पू. पहिल्या शतकापासूनचं गाव. भरतीचं पाणी येतं म्हणून लोकांनी शेण-मातीचा उंचवटा रचला आणि पिढ्यानपिढ्या तो वाढवत नेला. लांबलचक घरं, एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला गोठा. कुडाच्या भिंतींच्या विणलेल्या फांद्या जशाच्या तशा. एक कुटुंब इतरांपेक्षा मोठं होत गेलेलं दिसतं, त्याच्या आवारात कारागिरांच्या जागा. म्हणजे एका गावात श्रीमंती कशी वाढत गेली हे आपण डोळ्यांनी पाहू शकतो. फक्त त्या घरमालकाचं नाव नाही.

डेन्मार्कमधल्या नीडामची ओकची होडी घ्या. इ.स. ३२० च्या आसपासची, २० मीटरहून लांब, वल्ह्यांची, फळ्यांवर फळ्या चढवून लोखंडी खिळ्यांनी जोडलेली. ती बांधणारे लोक टोळी म्हणून सोडून देण्यासारखे नव्हते.

आणि त्यांना लिहिताही येत होतं, थोडं का होईना. डेन्मार्कमध्ये विमोसच्या दलदलीत सापडलेल्या हाडाच्या फणीवर १६० च्या सुमाराची रून अक्षरं (जर्मॅनिकांची जुनी लिपी) आहेत: 'हार्जा'. एवढंच. फणीच्या मालकाचं नाव असेल. सुरुवातीचे रून लेख असेच आहेत, एखादा शब्द, एखादं नाव. ही लिपी भाल्याच्या पात्यावर आणि दागिन्यावर खोदायला होती. कारभार, कर, हिशेब यांसाठी त्या काळात ती कुणी वापरलेली दिसत नाही.

---

कोयनाकाठ | रविवार, सकाळी ९:४०

+१ खापरवेडा. आपल्याबद्दल फक्त मेगॅस्थेनिस उरला असता तर आज जगाला काय माहीत असतं? सोनं खणणाऱ्या मुंग्या आणि तोंड नसलेली माणसं. सीझरचा बिनगुडघ्याचा प्राणी वाचून तेच आठवलं.

---

केतकीवन | रविवार, दुपारी १२:१५

कोयनाकाठ, अगदी नेमकं बोललात. मेगॅस्थेनिसचं मूळ पुस्तकही हरवलंच, दुसऱ्यांनी दिलेले उतारे राहिले.

रून लेखांवरून गालेहुसच्या शिंगांची गोष्ट सांगायलाच हवी. १६३९ मध्ये डेन्मार्कच्या दक्षिण जटलंडमध्ये गालेहुस गावाजवळ वाटेने जाणाऱ्या एका मुलीच्या पायाला काहीतरी लागलं. मातीतून सोन्याचं शिंग निघालं. जवळजवळ त्याच जागी १७३४ मध्ये दुसरं मिळालं. दोन्हींवर माणसं, प्राणी, तीन डोक्यांची आकृती, शिंगं लावून नाचणारे पुरुष. साधारण इ.स. ४०० ची. एका हरवलेल्या धर्माचं चित्रपुस्तकच म्हणा. दुसऱ्या शिंगाच्या कडेवर एक ओळ होती: 'एक ह्लेवागस्तिज होल्तिजाज होर्ना तावीदो'. मी, होल्टच्या कुळातला ह्लेवागस्ति, मी हे शिंग घडवलं.

जर्मॅनिक भाषेतलं हे जवळपास पहिलं पूर्ण वाक्य. कर्ता, कर्म, क्रियापद, आणि सुरुवातीला 'मी'. एका सोनाराने आपलं नाव आपल्या कामावर घातलं.

१८०२ मध्ये कोपनहेगनच्या राजसंग्रहातून दोन्ही शिंगं चोरीला गेली. चोर स्वतः सोन्याचं काम करणारा. त्याने ती वितळवली. आज जी आपण पाहतो ती जुन्या रेखाटनांवरून केलेल्या प्रतिकृती आहेत. सोनाराने केलेलं सोनाराने मोडलं, आणि बाराशे-तेराशे वर्षं मातीने सांभाळलेलं दीडशे-पावणेदोनशे वर्षांत माणसांच्या हातून गेलं. याचा मला अजूनही राग येतो.

---

रानजाई | रविवार, दुपारी १:००

शिंगांचं वाचून वाईट वाटलं. धाग्याच्या नावात स्लाव आहेत, त्यांचं काय? ते तर याहून अंधारात दिसतात.

---

खापरवेडा | रविवार, दुपारी ३:३०

स्लावांची (म्हणजे आजच्या रशियन, पोलिश, चेक लोकांच्या भाषिक पूर्वजांची) अडचण दुप्पट आहे. जर्मॅनिक लोक निदान रोमच्या कुंपणाला लागून होते. स्लाव त्यांच्याही मागे. प्लिनी आणि टॅसिटस व्हेनेडी नावाच्या लोकांचा उल्लेख करतात, आणि त्यांना जर्मॅनिकांत घालू की सार्मेशियनांत (पूर्वेच्या गवताळ मैदानातल्या भटक्यांत) याबद्दल टॅसिटस घुटमळतो. हेच स्लावांचे पूर्वज का, यावर अजून वाद आहे.

'स्क्लाव्हेनी' हे नाव स्पष्टपणे येतं ते थेट सहाव्या शतकात, डॅन्यूब ओलांडून ते बायझंटाईन (पूर्व रोमन) मुलुखावर चालून येऊ लागले तेव्हा. तिथला इतिहासकार प्रोकोपियस लिहितो की ते एकमेकींपासून लांब लांब असलेल्या दळभद्री झोपड्यांत राहतात, त्यांच्यावर एका माणसाची सत्ता नसते, बरंवाईट सगळे मिळून ठरवतात, आणि विजेच्या देवाला बैलांचा बळी देतात. इ.स. ६०० च्या सुमाराची एक लष्करी पोथी आहे, बायझंटाईन सेनापतींसाठी. तिच्यात इशारा दिलाय: हे लोक तोंडात पोकळ बोरू धरून नदीच्या तळाशी उताणे पडून राहतात आणि बोरूतून श्वास घेतात, अनुभव नसेल तर तुम्हाला वाटेल की बोरू तिथेच उगवलाय. बघा, त्या लोकांबद्दलच्या सुरुवातीच्या लिखाणातला हा तपशील येतो तो यांना मारायचं कसं या प्रकरणात.

जमिनीतून काय निघतं? प्राग-कोर्चाक नावाने ओळखली जाणारी घरं. तीन-चार मीटर चौरस, अर्धी जमिनीत खणलेली, एका कोपऱ्यात दगडाची भट्टी. हाताने वळलेली, चाकावर न चढवलेली, नक्षी नसलेली मडकी. आमच्यासारख्या खापरं गोळा करणाऱ्यांना नक्षी म्हणजे सही असते. इथे सहीच नाही. साधं मडकं कुणीही करू शकतं. धातूच्या वस्तू कमी, रोमन माल जवळजवळ नाही.

आणि सगळ्यात मोठा घाव म्हणजे दहन. हे लोक मृतांना जाळत. जर्मॅनिकांतही इसवी सनाच्या आधी बहुतेक ठिकाणी तेच होतं. पुरलेला सांगाडा वय सांगतो, आजार सांगतो, आता तर डीएनएही देतो. जळलेल्या हाडांच्या चुऱ्यातून डीएनए मिळणं फार कठीण. आपल्याकडे दहनाची सवय असल्याने आपण याचा विचार करत नाही, पण शेकडो वर्षं राख झालेल्या पिढ्या म्हणजे अभ्यासकासाठी कोरं पान.

२०२५ मध्ये ५०० हून अधिक प्राचीन व्यक्तींच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्व युरोपातून लोक खरोखर मोठ्या संख्येने, बायकामुलांसकट, पश्चिमेला आणि बाल्कनकडे सरकले असं त्यातून दिसतं. नुसती भाषा पसरली नव्हती. पण हा पुरावाही मुख्यतः पुरायची चाल सुरू झाल्यानंतरच्या हाडांतून आलेला.

---

सुपारीचं_पान | रविवार, सायं. ५:१५

मी रशियन शिकवते, म्हणून भाषेच्या बाजूने लिहिते. जिथे हाडं नाहीत तिथे शब्द साक्ष देतात.

पहिल्याच वर्षी मी फळ्यावर नात्यांचे शब्द लिहिते आणि मुलांना ओळखायला सांगते. 'स्नोखा'. कुणाला येत नाही. मग संस्कृत 'स्नुषा' लिहिते, आणि वर्गातून आवाज येतो, "सून!" 'द्येव्यर' म्हणजे नवऱ्याचा भाऊ. देवर, म्हणजे आपला दीर. 'स्व्योकर' आणि 'स्व्येक्रोव्ह' म्हणजे सासरा आणि सासू. 'व्दोवा' म्हणजे विधवा. जर्मॅनिक शाखेतही हे होते: जुन्या इंग्रजीत सुनेला 'स्नोरु' आणि दिराला 'ताकोर' म्हणत, नंतर ते शब्द मागे पडले. सून, दीर, सासरा, सासू ही सगळी नाती लग्न होऊन नवऱ्याच्या घरी आलेल्या बाईच्या बाजूने आहेत. त्या घराची एक चौकटही उरलेली नाही, पण ती मुलगी सासरी जात होती हे कळतं.

उसने शब्दही बोलतात. स्लाव भाषांत बीच झाडाचा शब्द 'बुक' हा जर्मॅनिकांकडून घेतलेला आहे. बीच झाड युरोपच्या पश्चिम भागात वाढतं, पूर्वेला ठरावीक पट्ट्यापलीकडे ते नैसर्गिकरीत्या नसतं. म्हणजे स्लाव मुळात त्या पट्ट्याच्या पूर्वेला राहत असावेत असा तर्क. पोळी-पावाला 'ख्लेब', तोही जर्मॅनिकांकडून. आणि राजाला 'क्रोल', 'क्राल' म्हणतात तो शब्द शार्लमेनच्या नावावरून, म्हणजे 'कार्ल'वरून आला.

अवांतर: जर्मनांना स्लाव लोक 'न्येमेत्स' म्हणतात. मूळ अर्थ मुका. ज्याची बोली आपल्याला कळत नाही तो मुका. 'स्लाव' हा शब्द 'स्लोवो' म्हणजे शब्द यावरून आला असं बरेच जण मानतात. बोलणारे आम्ही, मुके शेजारी.

---

तळटीप | रविवार, रात्री ८:४५

सुपारीचं_पान, प्रतिसाद फार आवडला.

एक गोष्ट अजून कुणी काढली नाही. कमी माहितीचा गैरफायदा. जिथे पुरावा थोडा तिथे हवं ते भरता येतं. जर्मनीत गुस्ताफ कोसिना या पुरातत्त्वज्ञाने नियम केला की एका तऱ्हेची मडकी म्हणजे एक वंश. पुढे नाझींनी तेच उचललं. जिथे आमची मडकी तिथे आमची जमीन. पोलंडमध्ये बिस्कुपिन इथे १९३३ साली तळ्याकाठी लाकडी तटबंदीचं अख्खं गाव सापडलं, इ.स.पू. आठव्या शतकातलं. उत्खनन करणारा युझेफ कोस्त्शेफ्स्की कोसिनाचाच विद्यार्थी. गुरूची पद्धत वापरून त्याने ते आद्य स्लावांचं ठरवलं. मग जर्मनांनी पोलंड घेतला, नाझींच्या एसएस दलाने तिथेच पुन्हा खणलं आणि जर्मॅनिक ठरवलं. लाकूड तेच, खांब तेच. आज त्या गावाला दोघांपैकी कुणाचंही नाव लावत नाहीत.

'जर्मानिया'च्या जुन्या हस्तलिखितासाठी तर एसएसचा प्रमुख हिमलर याने १९४३ मध्ये इटलीत अँकोनाजवळच्या एका वाड्याची झडती घ्यायला लावली. सापडलं नाही.

या सगळ्यामुळे युद्धानंतर कित्येक वर्षं अभ्यासक मडक्याला लोकांचं नाव द्यायलाच बिचकत. हेही कमी माहितीचं एक कारण धरा. आणि मुळात 'जर्मानी' हे नाव त्यांनी स्वतःला एकत्रितपणे लावलेलं नव्हतंच. ते शेरुस्की होते, खत्ती होते, मार्कोमानी होते. रोमनांना नकाशावर एक नाव हवं होतं.

---

केतकीवन | रविवार, रात्री १०:२०

तळटीप, हे मी टाळलं होतं, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

आज एक जुनी टिपणवही उघडली. १८४१ मध्ये मेर्सेबुर्गच्या ग्रंथालयात एका प्रार्थनापोथीत दोन मंत्र सापडले, दहाव्या शतकात कुणीतरी उतरवलेले. जर्मन भूमीवरचं ख्रिस्ती होण्याआधीच्या धर्माचं जे थोडंसं साहित्य उरलंय त्यातले हे. दुसऱ्यात देवाच्या घोड्याचा पाय मुरगळतो आणि वोडान हा देव तो मंत्राने बसवतो: हाडाला हाड, रक्ताला रक्त, सांध्याला सांधा, जणू डिंकाने चिकटवल्यासारखे. आणि अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात, मोडलेलं अंग सांधण्याच्या सूक्तात: 'मज्जा मज्ज्ञा सं धीयतां चर्मणा चर्म रोहतु'. मज्जेला मज्जा जुळो, कातड्याला कातडं भरून येवो. एकोणिसाव्या शतकातच अभ्यासकांनी हे साम्य दाखवलं. दोन्ही मंत्र एकाच जुन्या पाठातून आले असं ठामपणे म्हणवत नाही, मोडलेलं हाड सगळीकडेच दुखतं. पण त्या पोथीत रिकाम्या पानावर कुणी ते चार शब्द उतरवले नसते तर ही तुलनाही झाली नसती.

---

रानजाई | सोमवार, सकाळी ८:१०

अंगावर काटा आला. स्लावांच्या बाजूला असं काही उरलंय का?

---

खापरवेडा | सोमवार, सकाळी ११:५५

मंत्र नाहीत. त्यांना लिपी मिळाली ती ८६३ नंतर, सिरिल आणि मेथोडियस हे ख्रिस्ती धर्मप्रचारक मोराव्हियात गेले तेव्हा, आणि ती ख्रिस्ती धर्मग्रंथांसाठी. ९८८ मध्ये कीव्हच्या व्लादिमीरने पेरुन देवाची लाकडी मूर्ती नीपर नदीत लोटून दिली. ती त्यानेच काही वर्षांपूर्वी उभारली होती. बाल्टिकमधल्या अर्कोनाचं चार डोक्यांच्या स्वेतोविताचं देऊळ ११६८ मध्ये डेन लोकांनी जाळलं. त्या देवळाचं सगळ्यात तपशीलवार वर्णन कुणी केलं? जाळणाऱ्यांच्याच इतिहासकाराने, साक्सोने.

ख्राबर नावाच्या एका बल्गेरियन भिक्षूने लिपीवर लिहिलेलं टिपण आहे. तो म्हणतो, पूर्वी स्लावांकडे पुस्तकं नव्हती, ते रेघा आणि खाचा यांनी वाचत आणि शकुन पाहत. या रेघा म्हणजे नक्की काय, यावर अभ्यासकांनी बराच खल केलाय.

मग २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकात ब्रेत्स्लावजवळ लानी इथे सहाव्या-सातव्या शतकातल्या स्लाव वस्तीत गुरांच्या बरगडीचा एक तुकडा निघाला. त्यावर खाचा होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ती अक्षरं, आणि तीही जर्मॅनिकांची रून अक्षरं. इ.स. ६०० च्या सुमाराचं हाड. लेखात अर्थाचं वाक्य नाही. रून वर्णमालेच्या शेवटाकडची अक्षरं जवळजवळ क्रमाने कोरलीत, मधली एक-दोन राहून गेलीत. कुणीतरी अक्षरं गिरवत होतं. शिकवणारा शेजारच्या जर्मॅनिकांपैकी होता की शिकून आलेला स्लाव, ते हाडावर नाही. बरगडी मोडलेली आहे, आणि सुरुवातीची अक्षरं मोडलेल्या बाजूला होती असं दिसतं.